फडकं न सोसणारे मामा

नाकातोंडावर कुठलीही वस्तू आलेली न सोसणारा माणूस सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत माझ्या मामांसारखा दुसरा नसेल. मी दोन्ही जिल्हे पुरते पाहिलेले नाहीत, तेव्हा असं ठामपणे लिहिणं बरं नव्हे, हे मला कळतं. पण मामांबद्दल हळू आवाजात काही सांगताच येत नाही. ते माझ्या आईचे मावसभाऊ. कराडच्या वरच्या अंगाला नदीकाठी त्यांचं गाव, चार एकर ऊस, दारात दोन बैल, आणि छातीत लहानपणापासूनचा दमा. तोंडावरून नुसता रुमाल गेला तरी त्यांचा श्वास छातीत अडकायचा, ओठ जांभळे पडायचे आणि गळ्याच्या शिरा दोरीसारख्या तट्ट फुगायच्या. हा त्यांचा आजार होता, त्यात हसण्यासारखं काही नाही. पण या आजाराभोवती त्यांनी जो संसार उभा केला होता, त्याला हसल्याशिवाय राहणं आमच्यापैकी कुणालाच जमलं नाही, आणि खरं सांगायचं तर मामांनाही नाही.

पौषातल्या थंडीत सगळं गाव वाकळ डोक्यावरून ओढून झोपायचं, तेव्हा मामा वाकळ छातीपर्यंत घेऊन उंबऱ्यात डोकं ठेवून झोपत. पहाटे मिशांवर दव पडलेलं असे. अंघोळीत ते तोंडावर तांब्या ओतत नसत, ओंजळीनं चेहरा भिजवत आणि मग टॉवेल न लावता अंगणात उभे राहून तो वाऱ्यावर वाळवत. तोपर्यंत त्यांच्याशी कुणी बोलायचं नाही. न्हावी साबणाचा फेस घेऊन नाकाखाली आला की मामा त्याचा हात धरत, म्हणून त्यांच्या मिशा कुणी कधी कोरल्याच नाहीत. त्या आपल्या मनानं वाढल्या आणि लोकांनी त्यांना लष्करी मिशा म्हटलं. सदरा गळ्यातून घालायचा म्हणजे तेवढा वेळ तोंड कापडात. "निम्मं मिनिट हुतंय रं," ते मला सांगत, "आनि तेवढ्यात मानूस जातोय." म्हणून त्यांनी शिंप्याकडून नेहरूशर्ट गळ्यापासून गुडघ्यापर्यंत उभा फाडून घेतला होता आणि त्याला चौदा बटणं लावली होती. तो पांढरा शर्ट घालून एकदा ते कराडच्या बाजारात उभे होते, तर एका म्हातारीनं त्यांना डॉक्टर समजून जीभ काढून दाखवली. मामांनी ती नीट पाहिली आणि "पानी उकळून पी" असं सांगून तिला वाटेला लावलं. पुढच्या बाजारी ती बरी होऊन आली, हे मामांचंच म्हणणं.

त्यांच्या लग्नातली हकिकत मामी फार रंगवून सांगायची. नवरदेवाच्या बाशिंगाला तोंडापुढे लोंबणाऱ्या फुलांच्या सरी होत्या. मामांनी त्या मांडवात येताच वर उचलल्या आणि बाशिंगावरून मागे टाकल्या, वेणीसारख्या. नवरीकडच्या बायका कुजबुजल्या, की नवरा लय आगाऊ दिसतोय. मामी म्हणायची, "बाकीच्या बायकांनी न्हवऱ्याचं त्वांड घरी गेल्यावर बगितलं. मी मांडवातच समदं बगून घेतलं. फसवलं म्हनाय जागाच न्हाई ऱ्हायली."

सुगीत खळ्यावर धान्य वारवायला लागले की उडणाऱ्या भुसामुळे सगळे तोंडाला फडकी बांधत. मामा मात्र वारा येतो त्या बाजूला उभे राहत. पंचवीस-तीस वर्षं अशी काढल्यावर त्यांना वारा इतका कळायला लागला, की उसाचं पाचट पेटवायच्या आधी लोक त्यांना विचारून जात. मामा हनुवटी वर करून डोळे मिटत. "उजवी मिशी हालतीया. खालचं वारं हाय. आज पेटवू नगा, शेजाऱ्याचा ऊस जाईल." आणि कुणी पेटवत नसे.

पण या सगळ्याच्या खाली एक दुखरी जागा होती, आणि ती गावाला ठाऊक होती. आमच्या त्या गावात घराआड एक माणूस पलटणीत. मामाही तरुणपणी भरती झाले होते आणि पाच महिन्यांत परत आले. लष्करात विषारी गॅसपासून वाचायला रबराचा मुखवटा देतात आणि तो घालून धुरानं भरलेल्या खोलीत उभं करतात. मामा तीन वेळा खोलीत गेले आणि तीनही वेळा मुखवटा उपटून बाहेर पळाले. मग डॉक्टरांनी त्यांना तपासलं, एक इंग्रजी कागद हातात दिला आणि घरी पाठवलं. कागदात काय आहे हे गावात कुणालाच वाचता येईना. त्यामुळे मामा म्हणत की त्यात दम्याचं लिहिलंय, आणि पारावरची माणसं म्हणत की त्यात भित्रा असं लिहिलंय. हा वाद बारा-तेरा वर्षं चालला. आमच्या नातेवाइकांत इंग्रजी शिकणारा पहिला मी. नववीत असताना सुट्टीला गेलो, तर मामांनी मला हाताला धरून पारावर नेलं आणि सगळ्यांसमोर कागद माझ्या हातात दिला. मला निम्मे शब्द येत नव्हते. घामाघूम होऊन मी एवढंच सांगितलं, की छातीच्या आजारामुळे यांना मुखवटा घालता येत नाही. मग एक पेन्शनर सुभेदार म्हणाले, "मुखवटा? मग गड्या, तू लढाईला गेल्तास का तमाशाला?" सगळा पार हसला. मामाही हसले, पण परत येताना माझा हात त्यांनी सोडला होता. मला आजही वाटतं, की मी अजून थोडं इंग्रजी शिकून मग तो कागद वाचायला हवा होता.

मी सांगलीच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होतो तेव्हा, म्हणजे चौऱ्याहत्तर सालात, मामीला क्षय झाला. बरेच दिवस खोकला होता, मग थुंकीत रक्त आलं. कराडच्या डॉक्टरांनी सांगलीबाहेरच्या क्षयाच्या एका दवाखान्याला चिठ्ठी दिली. मामा तिला घेऊन आले, मी सायकलवरून गेलो. बायकांचा वॉर्ड वरच्या मजल्यावर होता. जिन्याच्या पायथ्याशी टेबल, टेबलावर उकळून वाळवलेल्या, चार बंदांच्या पांढऱ्या फडक्यांची टोपली, आणि टेबलामागे मोठ्या सिस्टर. फडकं बांधल्याशिवाय वर पाऊल टाकायचं नाही, असा नियम. मामी आधी वर गेली. मामा तिला म्हणाले, "तू हो म्होरं, आलोच मी." आणि मग त्यांनी खिशातून तो जुना कागद काढून सिस्टरांपुढे ठेवला.

सिस्टरांनी तो अथपासून इतिपर्यंत वाचला, घडी घालून परत दिला. "हा खोटा आहे असं मी म्हणत नाही," त्या म्हणाल्या. "पण मग तर तुम्ही वर जाताच कामा नये. अशा छातीत हे दुखणं शिरलं, तर मला तुमच्यासाठीही खाट शोधावी लागेल."

"शोधा की," मामा म्हणाले. "तिच्या शेजारचीच शोधा."

"बायकांच्या वॉर्डात?"

मामांनी कागद खिशात घातला. मला वाटतं, त्या कागदावर पहिल्यांदाच कुणीतरी पूर्ण विश्वास ठेवला होता, आणि तो नेमका असा उलटा फिरला होता.

तेव्हापासून दर रविवारी मामा कराडहून इस्लामपूरमार्गे येणाऱ्या एसटीनं यायचे, खिडकीची जागा धरून, आणि दवाखान्याच्या आवारात चिंचेखाली उभे राहायचे. मी वर जायचो, ते खालून हाक मारायचे. आता आमच्याकडे नवरा बायकोला नावानं हाक मारत नाही. मामांनी खालून आवाज दिला, "अगं ए!" तर वॉर्डातल्या ज्यांना उठता येत होतं त्या सगळ्या बायका खिडकीशी आल्या, कारण प्रत्येकीचं घरातलं नाव तेच होतं. मामा लाजून झाडामागे गेले. दुसऱ्या खेपेला त्यांनी सुधारणा केली. त्यांच्या मुलीचं नाव सुमन. त्यांनी हाक दिली, "सुमनची आय!" तर तीन सुमनच्या आया खिडकीत आल्या. त्यांतली एक विट्याकडची होती. तिचा नवरा लांब दक्षिणेत कुठल्याशा शहरात सोनं गाळायचं दुकान चालवायचा आणि सहा महिन्यांत फिरकला नव्हता. ती खिडकीतून वाकून विचारू लागली, "माज्या सुमनचा निरोप आनलाय का वो दादा?" मामांना नाही म्हणवेना. त्यांनी सांगून टाकलं, की सुमन बरी आहे.

आणि या सगळ्या गोंधळात खरी सुमनची आई मात्र खिडकीत येत नव्हती. पहिले काही आठवडे तिला अंथरुणातून उठायला बंदी होती. नंतर उठायची परवानगी मिळाली, तरी ती उठेना. मी फडकं बांधून तिच्या खाटेशी बसलो की ती विचारायची, "खाली आल्यात?"

"आल्यात."

"आनि वर?"

"मामी, त्यांना फडकं बांधता येत न्हाई. तुला ठावं हाय की."

ती भिंतीकडे तोंड करायची. शेजारच्या खाटेवरून ती विट्याची बाई म्हणायची, "झाडाखालनंच बगतोय व्हय तुजा मामा? झाडाला खोकला लागायचा हाय का?" ती चेष्टाच करत होती, पण मामी हसत नव्हती. एका रविवारी मामी भिंतीकडे बघतच मला म्हणाली, "वीस वर्सं मी गावासंगं भांडले रं. पान्यावर, रानात, जत्रंत. जी बाई म्हनंल तुजा न्हवरा भित्रा, तिच्या अंगावर धावून गेले. आता मलाच वाटाय लागलंय, भ्यात्यात ते. दुखन्याला भ्यात्यात. आलोच म्हनून ग्येले ते ग्येलेच." त्या आठवड्यात तिनं दूध परत पाठवलं आणि सुई टोचायला आलेल्या नर्सला हात दिला नाही. सिस्टरांनी मला जिन्यात थांबवून सांगितलं, की असं आणखी पंधरा दिवस चाललं तर औषधाचा काही उपयोग होणार नाही. बाईनं जगायचं मनात घेतलं पाहिजे.

हे मामांना सांगावं की नाही, ते मला कळेना. मी तसा बोलायला बुजणारा आहे. शेवटी स्टँडवर गाडी लागलेली असताना मी सगळं एका दमात बोलून टाकलं आणि खाली बघत राहिलो. मामा गाडीत चढले आणि मिळेल त्या जागेवर, दोन माणसांच्या मध्ये बसले. खिडकी रिकामी होती. ते पाहून मला फार भीती वाटली.

पुढच्या रविवारी ते आले ते सरळ जिन्याशी गेले. सिस्टर तेव्हा व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला कुणाशी बोलत होत्या. मामांनी टोपलीतलं एक फडकं उचललं आणि बांधायला लागले. खालचे बंद आधी बांधले गेले.

"मामा, नको."

"गप. किती पायऱ्या हायत्या?"

"बावीस."

"बावीस म्हंजे काय लय न्हाईत," असं ते म्हणाले आणि चढायला लागले. पहिल्या पाच-सहा पायऱ्या ते भराभर चढले, जणू श्वास न घेताच वर पोचायचा त्यांचा विचार होता. मग थांबले. कठड्याला धरून आणखी दोन चढले. फडकं आत-बाहेर होत होतं आणि त्याच्या वर डोळे एवढे मोठे झाले होते, की त्यांत मला काहीच ओळखीचं दिसेना. मधल्या चौकात ते गुडघ्यावर बसले. मी फडकं ओढून काढलं. ओठ जांभळे झाले होते. वरच्या बायका जिन्याच्या तोंडाशी जमल्या, सिस्टर धावत आल्या, त्यांनी मला बोल लावले, मामांना लावले, दंडात सुई टोचली आणि दोघा वॉर्डबॉयांकडून त्यांना उचलून चिंचेखालच्या बाकावर नेलं. आजूबाजूला दुसरं काही दिसेना, तेव्हा मामांच्या खिशातला तो लष्कराचा कागद काढून त्या स्वतः त्यानं वारा घालत बसल्या. वारा घालता घालता रागावतही होत्या. "पोलिसात देईन. दोघांनाही देईन."

वर काय झालं ते मला नंतर मामीनंच सांगितलं. विट्याची बाई धावत आत गेली आणि ओरडली, "अगं, तुजा न्हवरा फडकं बांदून आला आनि जिन्यात पडला की गं! काळानिळा झालाय!" मामी दोन महिन्यांत पहिल्यांदा आपण होऊन उठली. एकेका खाटेचा गज धरत ती खिडकीशी आली.

खाली आम्हाला एवढंच दिसलं, की सगळी खिडकी बायकांनी भरली आहे. मामांनी मान वर केली. डोळ्यांना पाणी लागलेलं, त्यांना त्यांतली एक कुठली, ते दिसत नसावं. "अ..." ते म्हणाले आणि खोकले. पुन्हा तोंड उघडलं, "सुम..." आणि श्वास संपला. "सुमनची आय, ऐकलंस का" एवढं सगळं म्हणायला लागतो तेवढा वारा त्यांच्या छातीत नव्हता. सिस्टर म्हणाल्या, बोलू नका. मामांनी बाकाची कड धरली, होता नव्हता तेवढा श्वास गोळा केला आणि म्हणाले,

"हौसा!"

खिडकीतल्या बायकांनी वळून एकमेकींकडे पाहिलं. मलाही त्या दिवशी पहिल्यांदा कळलं, की मामीचं नाव हौसा आहे. सिस्टरांचा वारा घालणारा हात थांबला. मग खिडकीच्या डाव्या कोपऱ्यातून, पदर तोंडाशी धरलेल्या एका वाळलेल्या बाईचा बारीक आवाज आला, "वरडू नगा. बगतीया मी."

मग पुन्हा तीच म्हणाली, "आनि ते फडकं परत बांदलं तर खाली उडी मारंन. सांगून ठिवते."

त्या दुपारी तिनं दूध घेतलं, आणि सुईला हात दिला. एका दिवसात माणूस बरा होत नाही, हे मला कळतं. तिला त्यापुढे सात-आठ महिने लागले. पण ते महिने दवाखान्यात आजवर कुणाचे गेले नसतील असे गेले. एकदा नाव तोंडातून निघाल्यावर मामांची भीड चेपली. दर रविवारी ते चिंचेखालून "हौसा!" अशी हाक देत आणि मग गावची बातमी सांगायला लागत: म्हशीला रेडी झाली, सुभेदार मोरीत घसरून पडले, सुमनच्या नवऱ्यानं सायकल घेतली पण त्याला उतरता येत नाही. सगळा वॉर्ड ऐके. ज्यांनी आमचं गाव कधी पाहिलं नव्हतं त्या बायका "म्हशीचं दूध किती निगतंय?" असं वरून विचारू लागल्या. एक दिवस ती विट्याची बाई म्हणाली, "दादा, माज्या नावानं बी एक हाक मारा की. वरीस हुत आलं, कुनी मारली न्हाई." मामा गडबडले. परक्या बाईचं नाव कसं घ्यायचं? मग त्यांनीच तोड काढली. "भनीला नावानंच बोलावतो की मानूस. काय नाव तुमचं?" ती म्हणाली, शेवंता. मामांनी छाती भरून हाक दिली. लगेच दुसरीनं आपलं नाव सांगितलं, मग तिसरीनं. पुढे पुढे मामा पलटणीतल्यासारखे ताठ उभे राहून सगळ्या वॉर्डाची हजेरी घ्यायचे आणि वरून एकेक आवाज यायचा, "हाय!", "हाय वो दादा!" सिस्टर टेबलाशी बसून कपाळाला हात लावत, पण अकरा वाजता मामा आले नाहीत तर मला विचारत, "गाडी चुकली का यांची?"

आता मी बी.ए. झालो आहे आणि नोकरीसाठी पुण्याला जायचं ठरलं आहे. जायच्या आधी मामांकडे जाऊन आलो. मामी आता चांगली सुधारली आहे, रानात जाते, कुणाशीही भांडायला पूर्वीसारखी तयार असते. मामा मात्र थकले आहेत. दोन वाक्यं बोलली की थांबतात. संध्याकाळी ते बाहेर ओट्यावर बसले होते आणि मामी आत चुलीशी चहा करत होती. मी पुष्कळ वेळ घुटमळून तिला विचारलं, की मामा भ्यात्यात असं तुला तेव्हा खरंच वाटलं होतं का.

तिनं चहा गाळला. "भ्याल्यालंच हुतं की," ती म्हणाली. "मी भांडून भांडून सांगत हुते न्हवं, भ्यात न्हाईत म्हनून? लय भ्याल्यालं हुतं. मी जाईन म्हनून. मला ते उशिरा कळलं, एवढंच."

मग दोन कपबशा घेऊन ती बाहेर गेली आणि त्यांच्याजवळ ओट्यावर टेकली. माझा चहा चुलीजवळच राहिला होता, तो घेऊन मी तिथंच बसलो. दोघं बराच वेळ बोलत होती. मधूनच मामी हसत होती. सबंध दवाखान्याला ऐकू जाईल असं बोलणारे मामा, पण ते काय सांगत होते, ते दारापर्यंतही ऐकू येत नव्हतं. मी ऐकायचा प्रयत्न केला नाही. शेवटच्या गाडीची वेळ झाली होती, तरी उठून त्यांचं बोलणं मध्येच तोडावं आणि निरोप घ्यावा, असं माझ्या मनाला वाटेना.